किप्लिंगचें अरण्य आणि वैनगंगेचें खोरें

वैनगंगा ही नदी इंग्रजी वाचणाऱ्या जगास ठाऊक आहे ती भंडाऱ्याच्या भातामुळें नव्हे, पवनीच्या घाटांमुळें नव्हे, किंवा तिच्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगत आलेल्या ढिवर, कोहळी, पोवार आणि गोंड मंडळींमुळेंही नव्हे. ती ठाऊक आहे लांडग्यांनीं वाढविलेल्या एका पोरामुळें. रड्यर्ड किप्लिंगचीं दोन ‘जंगल बुकें’ १८९४ व १८९५ सालीं प्रसिद्ध झालीं, आणि तेव्हांपासून शिवनीचे डोंगर व वैनगंगेचे खडक हे जगांतील लहान मुलांच्या ओळखीचे झाले. शिवनी जिल्ह्यांत उगम पावून बालाघाटावरून भंडाऱ्याकडे उतरणारी ही तीच आमची नदी. नागपूर-भंडारा रस्त्यावरील ज्या शहापुरांत बसून आम्ही हें लिहीत आहों, तेथून तिचें पात्र दूर नाहीं. दूरदर्शनमुळें येथलीं मुलेंही मोगलीला ओळखतात. परंतु तो आपल्याच नदीवर पाणी पीत होता, हें त्यांना कोणी सांगितलेलें नसतें.

साम्राज्यशाही आणि माणसाच्या अंतःकरणांतील काळोख यांचा विषय निघाला कीं टीकाकारांचीं मनें एकदम आफ्रिकेकडे, कांगो नदीकडे धांवतात. जोसेफ कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’वर इतकें लिहिलें गेलें आहे कीं त्या नदीचें प्रत्येक वळण आम्हां वाचकांस पाठ झालें. तें योग्यच झालें. परंतु आमच्या दाराशीं वाहणाऱ्या नदीच्या कांठींही साम्राज्याच्या एका थोर कलावंतानें काळोख रंगविला आहे, आणि मुलांचें पुस्तक म्हणून आम्ही त्याकडे काणाडोळा केला. काळोख होता कीं नव्हता, हा आमचा प्रश्न नाहीं. तो कोणाच्या घरीं दाखविला, आणि कोणाच्या घरचा दिवाच काय तो दाखविला, हा आमचा प्रश्न आहे.

किप्लिंग आम्हांस अगदींच परका नाहीं. ३० डिसेंबर १८६५ रोजीं तो मुंबईंत जन्मला. वडील जे. जे. कलाशाळेंत शिकवीत, त्याच आवारांत तो रांगला व चालूं लागला. सहावें वर्ष लागलें तेव्हां त्याला विलायतेस धाडण्यांत आलें. तोंवर आया व नोकर यांच्या तोंडची देशी बोली त्याला इंग्रजीहून अधिक जवळची होती, असें त्यानेंच आत्मवृत्तांत सांगून ठेविलें आहे. पुढें १८८२ पासून १८८९ पर्यंत लाहोर व अलाहाबाद येथील वृत्तपत्रांत त्यानें काम केलें. पण शिवनीचें जंगल त्यानें डोळ्यांनीं कधीं पाहिलें नव्हतें. ‘जंगल बुकें’ लिहिलीं गेलीं तीं अमेरिकेंत, व्हरमॉंटच्या बर्फाळ मुलखांत. आणि स्थळवर्णनाची बरीचशी सामग्री आली ती स्टर्नडेल नांवाच्या अधिकाऱ्यानें १८७७ सालीं शिवनीविषयीं लिहिलेल्या पुस्तकांतून. यांत किप्लिंगला दोष देण्याचें कारण नाहीं. न पाहिलेला प्रदेश रंगविण्याचा अधिकार कलावंतास आहेच. मात्र अशा प्रदेशांत तो काय ठेवतो आणि काय वगळतो, यावरून त्याचें मन जितकें उघडें पडतें तितकें पाहिलेल्या प्रदेशाच्या वर्णनावरून पडत नाहीं. कारण येथें डोळ्यांची सक्ती त्याच्यावर नसते.

प्रथम त्याचें जें आहे तें त्याला दिलें पाहिजे. रानकुत्र्यांच्या झुंडीला हूल देऊन वैनगंगेच्या घळींत ओढून नेणें आणि आग्यामोहोळाच्या तोंडीं देणें, हा प्रसंग ज्या हातानें लिहिला तो हात सामान्य नव्हे. त्याहूनही आम्हांस मोलाचें वाटतें तें दुसऱ्या पुस्तकाच्या आरंभींचें अवर्षणाचें वर्णन. मोहाला फूल येत नाहीं. नदी आटत आटत पात्रांतला एक खडक उघडा पडतो. तो दिसतांच वृद्ध हत्ती जलसंधि पुकारतो, आणि त्या क्षणापासून पाण्यावर आलेल्या जनावराला मारणें हें महापाप ठरतें. ज्यानें आमच्याकडचा वैशाख पाहिला आहे त्याला या पानांतला धुरळा नाकांत गेल्यासारखा वाटेल. वैनगंगेवर इतकें समर्थ इंग्रजी गद्य लिहिलें गेलें, याचा आनंद मानण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

तथापि येथेंच एक गोष्ट लक्षांत येते. अवर्षणांत पाण्याचा कायदा पाळणारीं जनावरें किप्लिंगला सुचलीं. अवर्षणाच्या आधीं पाणी अडवून ठेवणारीं माणसें सुचलीं नाहींत. याच खोऱ्यांत कोहळी लोकांनीं गोंड राजांच्या आणि भोसल्यांच्या अमदानींत शेंकडों तलाव बांधले. नवेगांवबांध हें त्यांपैकीं सर्वांत विख्यात नांव. पाळ कोठें घालावी, पाट कोणाच्या बांधीला आधीं द्यावा, शेवटच्या शेतकऱ्याला पाणी कसें पोंचवावें, याचे नियम त्या गांवांत होते, आणि ते पाळलेही जात. नियम हा ज्या पुस्तकाचा प्राण, त्या पुस्तकांतल्या खेड्याला मात्र एकही नियम नाहीं. तेथें आहे तो गलका, बढाई आणि दगडफेक. नियम लांडग्यांना आहेत, अस्वल ते शिकवितें, हत्ती ते पुकारतो. नियम नाहींत ते दोघांना, माकडांना आणि माणसांना. ही मांडणी सहज झाली असें आम्हांस वाटत नाहीं.

दुसऱ्या पुस्तकांत ‘जंगल आंत सोडणें’ अशा अर्थाच्या मथळ्याची एक कथा आहे. आमच्या लेखाचा खरा विषय तीच. वाघानें नेलेल्या आपल्या मुलाच्या आठवणीनें मोगलीला घरांत घेणारी मेसुआ आणि तिचा नवरा यांना गांवकरी चेटक्यांचे जन्मदाते ठरवितात. त्यांना मारझोड करून कोंडतात. जाळण्याचा बेत ठरतो. मागचा हेतु कथाकार लपवीत नाहीं: नवरा गांवांतला सधन मनुष्य आहे, आणि त्याचीं जमीनजनावरें वांटून घ्यावयाचीं आहेत. इंग्रजांना काय कळवावयाचें तेंही ठरून गेलें आहे. दोघें सर्पदंशानें मेलीं, एवढें कळविलें म्हणजे झालें. मोगली त्यांना सोडवितो. तीं रातोरात जंगलांतून कान्हीवाड्याकडे चालूं लागतात, कारण तेथें इंग्रज आहेत आणि ते पुराव्यावांचून माणसें जाळूं देत नाहींत. मग मोगली हत्तीला बोलावतो आणि त्या गांवाचें नांव पुसून टाकण्यास सांगतो.

पुढचीं दहाबारा पानें विलक्षण आहेत. रात्रीं हरणें, डुकरें, नीलगाई उभीं पिकें फस्त करितात. उपासमारीनें गुरें जंगलांत निघून जातात. गांवकरी एका गोंड शिकाऱ्याला बोलावतात. तो फारसें बोलत नाहीं, कारल्याचा एक वेल घेतो आणि देवळाच्या दाराला अडवा गुंफून निघून जातो. तरीही माणसें जात नाहींत. साठविलेल्या बियाण्यावर दिवस काढूं, पाऊस पडला कीं कोणाची तरी चाकरी करूं, अशा विचारांत तीं असतात. गांवचा दाणेवाला आतां धान्याला काय भाव लावावा याचे मनांत आंकडे मांडीत असतो. इतक्यांत हत्तीचा सुळा त्याच्या मातीच्या भिंतींतून शिरतो आणि शेणानें सारविलेली कणगी फोडून टाकतो. मग मात्र गांव उठतो. माणसें पावसांत निघून जातात, हत्ती घरें पाडतात, आणि पावसाळा सरतो तेव्हां कालपर्यंत जेथें नांगर चालत होता तेथें गर्द रान माजलेलें असतें. एकाही माणसाचा जीव घेतला जात नाहीं. मोगलीनें तशी आज्ञाच दिलेली आहे. वाचक सुखावतो. दुष्टांना शासन झालें, आणि तेंही रक्ताचा थेंब न सांडतां!

रागानें वाचणाऱ्या कांहीं टीकाकारांपासून आमची वाट येथें वेगळी होते. आमच्या खेड्यावर किप्लिंगनें चेटकाचा खोटा आळ घेतला, असें म्हणून मोकळें होतां येत नाहीं. तो आळ खोटा नव्हता. चेटकीण ठरवून बाईला मारणें, आणि त्या निमित्तानें तिच्या जमिनीवर डोळा ठेवणें, हें या मुलखांत घडत आलें आहे. महाराष्ट्रांत त्याविरुद्ध कायदा व्हावयास २०१३ साल उजाडावें लागलें, आणि तोही डॉ. नरेंद्र दाभोळकरांच्या खुनानंतर. धर्माच्या आवरणाखालचा लोभ किप्लिंगनें जो उघडा केला, तो त्याच्या आधींच्या फार थोड्या मराठी लेखकांनीं इतका नागवा करून दाखविला होता. सर्पदंशाची खोटी बातमी ही तर अस्सल माहितगाराची खूण होय. मनुष्य जाळा, कागदावर साप लिहा!

पण याच सापाच्या शेपटीला धरून थोडें पुढें गेलें पाहिजे. ज्या कचेरीला साप लिहून चालतो, ती कचेरी कशी असेल? तिला गांवांतून काय हवें असतें, आणि काय नको असतें? हा प्रश्न कथेंत उभा राहतो, आणि किप्लिंग त्याला वळसा घालतो. मोगलीच्या साऱ्या कथांत सरकार एकंदर तीन वेळां दिसतें. एकदां शेरखानाच्या कातड्यावर लावलेल्या शंभर रुपयांच्या रूपानें. एकदां कान्हीवाड्याच्या आश्रयाच्या रूपानें. आणि एकदां, मोगली मोठा झाल्यावर, जंगलखात्याच्या पगाराच्या व पेन्शनीच्या रूपानें. बक्षीस, आश्रय, पेन्शन. घेणारा हात कोठेंच नाहीं, सगळे देणारे.

वैनगंगेच्या खोऱ्यानें पाहिलेलें सरकार असें एकहाती नव्हतें. डिसेंबर १८५३ मध्यें तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, आणि १८५४ सालीं डलहौसीनें नागपूरचें राज्य खालसा केलें. राजवाड्यांतील जडजवाहीर लिलांवांत निघालें. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला; शिवनी आणि भंडारा हे दोन्ही जिल्हे त्यांतच होते. त्याच दशकांत जमाबंदीच्या वेळीं मालगुजारांना गांवांची मालकी देण्यांत आली. जी वहिवाट होती ती मालमत्ता झाली, आणि मालमत्ता झाल्याबरोबर ती गहाण पडूं लागली, विकली जाऊं लागली. १८६७ सालीं नागपूरला आगगाडी आली आणि मध्यप्रांतांतलें धान्य मुंबईच्या बंदराकडे वाहूं लागलें. १८७८ सालीं जंगलाचा कायदा झाला. ज्या रानांतून मोह, चार, तेंदू, लांकूडफांटा आणावयाचा, त्याच्या भोवतीं सरकारी खुणा उभ्या राहिल्या. आतां हा दाणेवाला आणि मेसुआच्या म्हशींवर टपलेले ते शेजारी पुन्हां पहा. त्यांचा लोभ त्यांचाच होता, तो आम्ही साहेबाच्या पदरीं बांधीत नाहीं. पण जमीन विकण्याजोगी करून त्या लोभाला बाजार दाखविला कोणी? किप्लिंगच्या खेड्यांत पटवारी नाहीं, सारा नाहीं, कर्जखत नाहीं. त्यामुळें तेथली दुष्टाई ही मातीतून उगवल्यासारखी, काळ्या माणसाच्या अंगच्या वासासारखी दिसते.

गोंडाविषयीं तर या कथाकाराच्या मनांतली फट स्पष्टच दिसते. तो कारल्याचा वेल गुंफणारा शिकारी ज्या जमातीचा, ती जमात या भूमीची मूळ मालक आहे, असें किप्लिंग स्वच्छ सांगतो. मालकी कबूल आहे. तिचें पुढें काय झालें हें मात्र विचारावयाचें नाहीं. त्याचें उत्तर त्याच्याच दुसऱ्या एका कथेंत आहे. १८९३ च्या एका संग्रहांत ‘इन द रुख’ नांवाची गोष्ट आहे. रुख हा शब्द पंजाबकडचा; म्हणजे जंगल. तींत मोगली हा तरुण पुरुष आहे. गिस्बोर्न नांवाचा गोरा वनाधिकारी त्याला भेटतो. म्युलर नांवाचा त्या खात्याचा जर्मन वरिष्ठ त्याचें कौशल्य पाहून थक्क होतो. आणि जंगलाचा हा देवपुत्र पेन्शनीच्या आश्वासनावर सरकारी वनरक्षक बनतो. हिंदुस्थानच्या जंगलखात्याचे पहिले प्रमुख ब्रँडिस, श्लिख, रिबेनट्रॉप हे खरोखरच जर्मन होते, तेव्हां किप्लिंगची ही माहितीही पक्की. पण सालें पहा. ही गोष्ट ‘जंगल बुका’च्या आधींची. म्हणजे मोगली आधीं जंगलखात्याचा चाकर होता, आणि मागाहून लांडग्याचें पोर झाला! अरण्याच्या कायद्याचे जे गोडवे जगभर गाइले गेले, त्यांच्या मुळाशीं १८७८ चा कायदा उभा आहे, असें म्हटलें तर तें फार ताणल्यासारखें होऊं नये. जनावरें जो कायदा पाळतात तो अनादि, आणि माणसाला रानाबाहेर ठेवणारा कायदा नुकता कलकत्त्यास झालेला. वाचकाच्या मनांत मात्र दोहोंचा रंग एकच होतो.

येथें कॉनरॅडची आठवण अपरिहार्य आहे. १८९० सालीं तो स्वतः कांगोंत आगबोटीवर गेला होता. तो मुलूख बेल्जमच्या लिओपोल्ड राजाची खासगी मिळकत होता, आणि सुधारणेच्या नांवाखालीं तेथें हस्तिदंत व रबर यांची लूट चाले. कॉनरॅडची कथा १८९९ च्या फेब्रुवारीपासून एका मासिकांत येऊं लागली. त्याच महिन्यांत किप्लिंगची गोऱ्या माणसाच्या ओझ्यावरची प्रख्यात कविता प्रसिद्ध झाली; आणि त्याच वर्षीं मध्यप्रांतांत पावसानें दगा दिला. कॉनरॅडनें केलें तें किप्लिंगला करवलें नाहीं. त्यानें काळोख किनाऱ्यावरच्या झोंपड्यांतून उचलला आणि कुर्ट्‌झ या सुशिक्षित, वक्तृत्वसंपन्न, परोपकारी मंडळांसाठीं अहवाल लिहिणाऱ्या गोऱ्याच्या काळजांत नेऊन ठेविला. कादंबरीच्या इतिहासांत ही लहान गोष्ट नव्हे. पण तें करतांना ज्यांच्या छातीवर हा काळोख बसला होता त्यांना त्यानें वाचा ठेविली नाहीं. ते ओरडतात, नाचतात, मरतात; बोलत जवळजवळ नाहींतच. १९७५ सालीं चिनुआ अचेबे यानें अमेरिकेंतील एका व्याख्यानांत नेमकें यावर बोट ठेविलें, आणि कॉनरॅडच्या भक्तांना तें आजपर्यंत झोंबत आहे. आम्हांस अचेबेचा राग समजतो. तरी कॉनरॅडला निव्वळ वंशद्वेष्टा म्हणून निकालांत काढणें हें आम्हांस मान्य नाहीं. स्वतःच्या घराला आग लागली आहे हें पाहणारा, पण शेजाऱ्याचें नांव ठाऊक नसणारा, असा तो लेखक आहे. किप्लिंगला शेजाऱ्याचें नांव, जात, बोली, देवळाच्या दारावरचा वेल, सारें ठाऊक आहे. फक्त स्वतःच्या घराची आग दिसत नाहीं. दोघांत थोर कोण, हें ठरविण्याची घाई आम्ही करीत नाहीं. परंतु आमच्या खोऱ्याला अधिक जपून वाचावा लागेल तो दुसरा, कारण त्याची माहिती बरोबर असल्यामुळें त्याचा निवाडाही बरोबर वाटूं लागतो.

फॉर्स्टरचा उल्लेख जातां जातांच करितों. तो १९२१ सालीं देवास थोरली पातीच्या पवार महाराजांकडे चिटणीस होता, आणि ‘अ पॅसेज टु इंडिया’ या १९२४ च्या कादंबरींत त्यानें गोडबोले आडनांवाचा ब्राह्मण आणि तुकोबांचें नांव अशीं दोन मराठी माणसें नेऊन बसविलीं. त्याच्या गुहेंतला काळोख कोणाचाच नाहीं. तो केवळ प्रतिध्वनि आहे. सभ्य मनुष्याला परवडणारी ही वांटणी आहे. हजेरी द्यावयास जाणाऱ्याला ती परवडत नाहीं.

त्या हजेरीकडे मराठी कादंबरी वळली ती उशीरां, पण वळली. आरंभ हरिभाऊ आपट्यांपासून धरावा लागेल. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हां ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही कथा त्यांनीं लिहिली. ‘जंगल बुका’नंतर अवघ्या एकदोन वर्षांची ही गोष्ट. तींत रान नाहीं, हत्ती नाहीं, न्यायाचा चमत्कार नाहीं. शेतकऱ्याचें कुटुंब आहे आणि भूक आहे. कलेच्या कसोटीवर ती किप्लिंगच्या कथेपुढें उतरणार नाहीं हें उघड आहे. पण गांव उठतो तेव्हां माणसांचें काय होतें, एवढा एकच प्रश्न तिला ठाऊक आहे, आणि तोच किप्लिंगला ठाऊक नाहीं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं मध्यप्रांताची अशी कंबर मोडली कीं १९०१ च्या शिरगणतींत प्रांताची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षां कमी भरली. तीं गांवें कोण्या मोगलीच्या शापानें उठलीं नव्हतीं. बाजारांत धान्य होतें, आणि घेण्यास पैसा नव्हता. दाणेवाल्याची कणगी फोडावयास हत्तीही आला नाहीं.

विभावरी शिरूरकरांची ‘बळी’ १९५० सालची. लेखिका मालतीबाई बेडेकर यांनीं सोलापुरास तथाकथित गुन्हेगार जातींच्या वसाहतींत काम केलेलें होतें, आणि त्या तारेच्या कुंपणाआडचें जग त्यांनीं या कादंबरींत आणिलें. १८७१ सालीं झालेल्या गुन्हेगार जातींच्या कायद्यानें माणूस जन्मतःच आरोपी ठरत असे. तो कायदा १९५२ सालीं गेला. काळोखाची वसाहत हा शब्दप्रयोग येथें अलंकार राहत नाहीं. सरकारनें ती मोजमाप करून, दार ठेवून, वहीसह बांधलेली आहे. ‘बळी’ची खरी योग्यता अशी कीं तिनें कोणालाच निर्मळ सोडलें नाहीं. कुंपण बांधणारे, सुधारूं पाहणारे, आणि आंत कोंडलेले, या तिघांच्याही मनांतला अंधार ती दाखविते. पण कुंपण कोणी बांधलें याचा विसर वाचकाला पडूं देत नाहीं. कॉनरॅडला जें साधलें आणि जें साधलें नाहीं, तीं दोन्ही या मराठी बाईला एका लहान पुस्तकांत साधलीं, असें आम्ही जबाबदारीनें म्हणतों. तिचें नांव त्या पंक्तींत घेतलें जात नाहीं, याचें कारण भाषेचें आहे, गुणाचें नव्हे.

अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ सालीं आली. १९६१ सालीं तिला राज्य शासनाचें पारितोषिक मिळालें. तिचा सूर शिरूरकरांपेक्षां अगदीं निराळा, पोवाड्याच्या अंगानें जाणारा. आणि तिच्यांत कांहीं ठिकाणीं रंग भडक झाले आहेत हें नाकबूल करण्याचें कारण नाहीं. तथापि तेथेंही खेड्यांतली क्रूरता झांकलेली नाहीं. फकिराचा बाप राणोजी मारला जातो तो इंग्रजाच्या गोळीनें नव्हे, जोगणीच्या मानापायीं शेजारच्या गांवाच्या हातानें. त्यानंतर येते ती सरकारी हजेरी, आणि त्यानंतर दुष्काळ. भुकेनें माणसें मरूं लागतात तेव्हां फकिरा धान्याचें कोठार फोडतो.

दोन कोठारें आतां वाचकानें शेजारीं शेजारीं ठेवावीं. वैनगंगेकांठीं कणगी फुटते ती दाणेवाल्याच्या लोभाला शासन म्हणून; धान्य चिखलांत जातें, आणि त्या धान्याची आशा धरून बसलेला सारा गांव, लोभी आणि निर्लोभी, लेंकुरवाळी आणि म्हातारीकोतारीं, एका दमांत हद्दपार होतो. वारणेच्या खोऱ्यांत कोठार फुटतें आणि धान्य माणसांच्या पोटांत जातें. किप्लिंगला दाणेवाल्याचा राग आहे, आणि तो रास्त आहे. परंतु दाणेवाला आणि त्याच्या दारीं उभा असलेला भुकेला यांत त्याला फरक करतां येत नाहीं, कारण इतक्या दुरून दोघेही ‘गांवकरी’च दिसतात. अण्णा भाऊंना तो फरक शिकावा लागला नाहीं. कलेकरितां कला कीं जीवनाकरितां कला हा जुना वाद आम्हांस पुन्हां उकरावयाचा नाहीं. येथें प्रश्न कलेचाच आहे: ज्या कथेंत शंभर माणसें आहेत आणि त्यांतल्या नव्याण्णवांना तोंड नाहीं, ती कथा कथा म्हणूनही उणी पडते. हत्तीच्या मनांतली जुनी जखम किप्लिंग आम्हांस सांगतो. त्या गांवांतल्या एका लेंकराचें नांव सांगत नाहीं.

अपवाद एकच, मेसुआ. दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटच्या कथेंत ती पुन्हां भेटते. मोगली आतां तरुण झाला आहे. एका संध्याकाळीं भटकत तो एका परक्या गांवांतल्या झोंपडीशीं येतो, आणि दार उघडणारी तीच असते. ती त्याला दूध देते. इंग्रजांनीं न्याय दिला, पण तो न्याय घेऊन आम्ही परत आलों तेव्हां तो गांवच जाग्यावर नव्हता, असें ती सांगते. नवऱ्यानें दुसऱ्याच्या शेतावर चाकरी धरली. त्याला मरूनही एक वर्ष झालें. मांडीवर दोन वर्षांचें पोर आहे. ज्याच्या म्हशींसाठीं सारा गांव टपला होता त्या घराची ही अखेर. साऱ्या पुस्तकांत वैनगंगेच्या माणसाला मिळालेलीं वाक्यें म्हणावीं तर एवढींच, आणि तीं किप्लिंगनें फार हळुवारपणें लिहिलीं आहेत. गांव जाग्यावर नव्हता, हें बाई सहज बोलून जाते, जणूं पाऊस पडला नाहीं असें सांगावें तसें. आणि ज्यानें तो पुसला तो समोर बसून दूध पीत असतो. तेंही आठवतें, एवढेंच मोगली म्हणतो. उरलेलीं माणसें त्या पावसांत कोणत्या वाटेनें गेलीं, कान्हीवाड्याला पोंचलीं कीं नाहींत, पुढच्या पेरणीला त्यांना बियाणें कोणी दिलें, हें तो विचारीत नाहीं, आणि किप्लिंगही विचारीत नाहीं.